जलमार्गावरील क्रॉसिंग

पाण्यावरून माल नेणे स्वस्त पडते, हे व्यापारी मंडळींस सांगावयास नको. तेवढाच माल लॉरीने, आगगाडीने आणि नावेने हलवावयाचा झाल्यास सर्वांत थोडे इंधन नावेस लागते. कोकण-गोव्यातील जुनी बाजारगावे खाडीच्या किंवा नदीच्या काठी का वसली, याचे उत्तर यात आहे. मीठ, नारळ, कौले, भात, चिरे असे वजनाने जड आणि मोलाने हलके जिन्नस मचव्यांतून व पडावांतून ये-जा करीत, आणि घाटावरून उतरलेला माल बंदराकडे जाई तोही बहुतांशी पाण्यानेच. पुढे पूल झाले, रस्ते झाले, आणि आपण सर्वांनी पाण्याकडे पाठ फिरविली. अलीकडे मात्र जलमार्गांची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. २०१६ च्या कायद्याने देशातील एकंदर १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरविले. त्यांत मांडवी, जुवारी आणि या दोन नद्यांस जोडणारा कुंभारजुवे कालवा यांचाही समावेश आहे.

ही चर्चा होते ती बहुधा पाण्याच्या खोलीची, गाळ उपसण्याची आणि धक्के बांधण्याची. एक प्रश्न मात्र मागे राहतो. अरुंद पात्रात दोन नावा समोरासमोर आल्या, किंवा एक नाव प्रवाहाच्या दिशेने जात असता दुसरी तिला आडवी निघाली, तर थांबावयाचे कोणी, कोठे आणि किती वेळ? आमच्या मते जलमार्गावरील व्यापार वाढणे न वाढणे हे खोलीइतकेच या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून राहील. ज्या देशांनी हे उत्तर कष्टाने शोधले, त्यांच्या अनुभवावरून असे दिसते की, सुरक्षितता आणि त्वरा या दोन्ही एकाच खात्यावर जमा होतात. थांबण्याची जागा आधी ठरलेली असली की अपघातही टळतो आणि खोळंबाही.

रस्त्यावरील वाहतुकीचे नियम पाण्यास जसेच्या तसे का लागू पडत नाहीत, हे प्रथम पाहिले पाहिजे. गाडीस ब्रेक असतो, नावेस नसतो. भरलेल्या नावेचे यंत्र बंद केले तरी ती बराच वेळ पुढे सरकत राहते. यंत्र उलटे फिरविले तरी ती तत्काळ थांबत नाही. बरे, वेग अगदीच कमी करावा, तर सुकाणूवरून वाहणारे पाणी मंदावते आणि सुकाणूचा धरच सुटतो. म्हणजे गाडीवानास जो उपाय सर्वांत सोपा, तोच नाखव्यास सर्वांत अवघड.

याहून विचित्र गोष्ट पुढे आहे. मोठी नाव अरुंद पात्रातून जाताना आपल्या अंगाएवढे पाणी बाजूस सारते. ते पाणी नाव आणि काठ यांच्या चिंचोळ्या फटीतून मागे धावते. पाणी वेगाने धावले की तेथील पातळी उतरते, दाब घटतो आणि नाव त्या बाजूस ओढली जाते. तिचा पाठीमागचा भाग काठाकडे खेचला जातो व नाळ काठापासून दूर ढकलली जाते. त्याच कारणाने नाव खालीही बसते, आणि वेग जितका अधिक तितकी ती तळाच्या अधिक जवळ जाते. दोन नावा एकमेकींजवळून जाऊ लागल्या म्हणजे हीच ओढाताण त्यांच्यामध्ये चालते. समोर येताना नाळी एकमेकींस दूर सारतात आणि बाजूला आल्यावर अंगे एकमेकींकडे ओढली जातात. कुशल नाखव्याचे लक्ष थोडे ढळले तरी एवढ्यात घात होतो. २३ मार्च २०२१ रोजी सुएझच्या कालव्यात 'एव्हर गिव्हन' हे चारशे मीटर लांबीचे जहाज आडवे होऊन रुतले आणि सहा दिवस तो मार्ग बंद पडला, हे आपल्या स्मरणात असेलच. जोराचा वारा आणि काठाची ही ओढ यांची चर्चा त्या वेळी पुष्कळ झाली. त्या सहा दिवसांत कोणाकोणाचा माल कोठे अडकला, हे आमच्या वाचकांपैकी काहींना वर्तमानपत्रावाचूनही ठाऊक असेल.

समुद्रावर जहाजांनी परस्परांस वाट कशी द्यावी याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले व १९७७ पासून ते अंमलात आहेत. दोन यांत्रिक नौकांच्या वाटा एकमेकींस छेदत असतील, तर जिच्या उजव्या हातास दुसरी नौका दिसते तिने वाट द्यावी. अरुंद पात्रात प्रत्येकीने आपल्या उजव्या कडेने जावे. आणि जी मोठी नौका त्या पात्राबाहेर जाऊच शकत नाही, तिचा मार्ग अडेल अशा रीतीने कोणी आडवे जाऊ नये. भोंग्याचीही भाषा आहे. एक आखूड भोंगा म्हणजे 'मी उजवीकडे वळत आहे', दोन म्हणजे 'डावीकडे'. आणि पाच किंवा अधिक आखूड भोंगे म्हणजे 'तुमचा हेतू मला समजत नाही'. हे नियम उत्तम आहेत. तथापि ते दोन नावा एकमेकींस दिसल्यानंतरचे आहेत. गजबजलेल्या नदीत वा कालव्यात दिसेपर्यंत वाट पाहणे म्हणजे पुष्कळदा उशीर करणे होय.

यासाठी आगगाडीचा दाखला घेऊ. मिरजेहून बेळगाव-लोंढ्याकडे जाणारा लोहमार्ग एकेरी होता त्या काळी एखाद्या लहानशा स्थानकावर गाडी उगाच उभी राहिली की उतारू म्हणत, 'क्रॉसिंग आहे.' समोरून येणारी गाडी बाजूच्या रुळावरून निघून गेली म्हणजे आपली गाडी हलावयाची. कंटाळा येई, पण समोरची गाडी आपल्या रुळावर येईल अशी भीती कोणास वाटत नसे, कारण दोहोंची भेट कोठे व्हावयाची हे स्टेशनमास्तरांनी आधीच ठरविलेले असे. हीच क्रॉसिंगची युक्ती पाण्यावर पूर्णत्वास नेलेली पाहावयाची असेल, तर ती जर्मनीतील कील कालव्यावर.

हा कालवा उत्तर समुद्र आणि बाल्टिक समुद्र यांस जोडतो. एल्ब नदीच्या मुखाजवळील ब्रून्सब्युटेल येथे तो सुरू होतो आणि कील शहराजवळ होल्टेनाऊ येथे संपतो. त्याची लांबी सुमारे ९८ किलोमीटर. १८८७ साली खणावयास आरंभ झाला आणि जून १८९५ मध्ये तो खुला झाला. तो नसता तर जहाजांस डेन्मार्कच्या उत्तर टोकास वळसा घालून सुमारे अडीचशे सागरी मैल अधिक जावे लागते. अलीकडच्या काळात वर्षास पंचवीस हजारांच्या आसपास, म्हणजे दिवसास सरासरी सत्तर जहाजे त्यातून जातात. त्यांत वाळू वाहणारी लहान नौका असते, तसेच शेकडो कंटेनर लादलेले अवाढव्य जहाजही असते. पहिल्याने खणला तेव्हा कालव्याची पाण्याच्या पातळीवरील रुंदी ६७ मीटर होती. १९०७ ते १९१४ या काळात ती १०२ मीटर केली, आणि १९६५ पासून पश्चिमेकडचा बराच भाग १६२ मीटरपर्यंत वाढविला. पूर्वेकडील पट्टा मात्र अरुंदच राहिला. तो रुंद करण्याचे काम आता चालू आहे.

आता अशा पाण्यात भेटी कशा घडवून आणतात ते पाहा. प्रत्येक जहाजास त्याच्या लांबी-रुंदीवरून आणि ते पाण्यात किती बुडते त्यावरून १ ते ६ यांपैकी एक वर्ग दिलेला असतो. दोन जहाजे समोरासमोर यावयाची असतील तर त्यांच्या वर्गांची बेरीज करावयाची. अरुंद पट्ट्यात ती बेरीज ६ पेक्षा अधिक होता कामा नये. रुंद केलेल्या भागात मर्यादा थोडी सैल आहे. म्हणजे तिसऱ्या वर्गाची दोन जहाजे वाटेत कोठेही एकमेकांस ओलांडू शकतात. परंतु एक तिसऱ्या वर्गाचे आणि दुसरे चौथ्या वर्गाचे असेल, तर बेरीज ७ झाली. मग एकाने बाजूस थांबणे प्राप्त आहे. त्यासाठी कालव्याच्या लांबीत ठिकठिकाणी पात्र मुद्दाम अधिक रुंद केले आहे. अशा सुमारे बारा जागा आहेत. आपण त्यांस सायडिंग म्हणू. तेथे कडेने खांब रोवलेले असतात. थांबण्याचा हुकूम दिव्यांनी मिळाला की जहाज त्या खांबांपाशी येऊन उभे राहते आणि समोरचे निघून गेले की पुन्हा मार्गस्थ होते. वेगाची मर्यादा साधारणपणे ताशी १५ किलोमीटर, आणि सर्वांत मोठ्या जहाजांस १२. धष्टपुष्ट बैलाच्या दौडीहून ती काही फार अधिक नव्हे.

परंतु सायडिंग बांधून काम भागत नाही. कोणते जहाज कोठे आणि किती वेळ थांबेल याचा हिशेब कोणी तरी अखंड मांडावा लागतो. तो मांडणारी माणसे ब्रून्सब्युटेल येथील वाहतूक केंद्रात बसतात. त्यांचे साधन पाहून आगगाडीच्या नियंत्रण कचेरीची आठवण व्हावी. एका बाजूस कालव्याची लांबी आणि दुसऱ्या बाजूस घड्याळाचे तास मांडलेला एक पट. त्यावर प्रत्येक जहाजाची एक तिरपी रेघ. काही रेघा एका बाजूने येतात, काही दुसऱ्या. जेथे दोन रेघा एकमेकींस छेदतात, तेथे आणि त्या वेळी ती दोन जहाजे भेटावयाची असतात. बेरीज मर्यादेत असेल तर तो छेद तसाच राहू द्यावयाचा. नसेल तर एक रेघ सायडिंगच्या जागी काही काळ थांबवावयाची, म्हणजे छेद सरकून बरोबर सायडिंगमध्ये येतो. ऐकण्यास सोपे वाटते खरे. पण एक रेघ थांबविली की तिच्या मागून येणाऱ्या रेघांचे छेद बदलतात. सायडिंगची लांबी मर्यादित असते. त्यात आधीच दोन जहाजे उभी असतील तर तिसऱ्यास जागा उरत नाही. तोवर ब्रून्सब्युटेलच्या लॉकमधून आणखी चार जहाजे आत येतात. वर्षानुवर्षांच्या अनुभवाने तयार झालेली ही माणसे रेघा ओढतात, पुसतात आणि पुन्हा ओढतात.

या कामास गणिताचीही जोड मिळाली आहे. कालवा कोठे आणि किती रुंद करावा, असा प्रश्न तेथील जलमार्ग खात्यापुढे होता. पैसा मोठा लागणार, तेव्हा रुंदीकरणाने खोळंबा खरोखर किती कमी होईल हे आधी कळावयास हवे. एलिझाबेथ ल्युबेके, मार्को ल्युबेके आणि रोल्फ म्योरिंग या गणितज्ञांनी तो प्रश्न हाती घेतला, आणि त्यांचा प्रबंध २०१९ साली प्रसिद्ध झाला. सर्व जहाजांच्या प्रतीक्षेचा एकत्रित काळ कमीत कमी कसा होईल, याची पद्धत त्यांनी बसविली. त्यासाठी त्यांनी कारखान्यांतून आपोआप फिरणाऱ्या गाड्यांस एकमेकींवर न आदळता वाट काढून देणारी गणिती रीत आणि कामांचा क्रम लावण्याची रीत या दोहोंचा मेळ घातला. अशा हिशेबावरून रुंदीकरणाच्या निरनिराळ्या पर्यायांची तुलना करता येते. मातीत पैसा घालण्यापूर्वी कागदावर हिशेब मांडावा, ही रीत कोणत्याही पेढीस पटण्यासारखी आहे.

या शिस्तीत माणसाचेही स्थान पक्के आहे. मोठ्या जहाजावर कालव्याचा पायलट तर चढतोच, शिवाय सुकाणू धरण्यासाठी कालव्याचे स्वतःचे सुकाणूवाले येतात. काठाची ओढ कशी सांभाळावी हे त्यांच्या हातास ठाऊक असते. जगात फार थोड्या ठिकाणी कप्तान आपले सुकाणू असे दुसऱ्याच्या हाती सोपवितो.

आणि आडवे जाणाऱ्यांचे काय? कालवा खणला तेव्हा कित्येक शेतकऱ्यांचे घर एका काठास आणि शेत दुसऱ्या काठास राहिले. त्यांस पलीकडे नेऊन सोडणे हे सरकारने आपले कर्तव्य मानले. म्हणून कालव्यावरील सुमारे चौदा ठिकाणच्या फेऱ्या आजही फुकट चालतात. गोव्यात साध्या फेरीबोटीतून पायी जाणाऱ्यास पैसे पडत नाहीत, ते वाचून आम्हांस या साम्याची मौज वाटली. कील कालव्यावरील फेरी जहाजापुढून आडवी घुसत नाही. मार्ग मोकळा दिसला म्हणजे निघते. पण इतकी शिस्त असूनही चूक होतेच. रेंड्सबुर्ग येथे १९१३ साली बांधलेल्या उंच रेल्वेपुलाखाली तारांनी टांगलेली एक फेरी माणसांस व मोटारींस पलीकडे नेत असे. ८ जानेवारी २०१६ च्या पहाटे ही टांगती फेरी काठ सोडून निघाली ती नेमकी एका मालवाहू जहाजाच्या वाटेत आली. धडकेत दोन माणसे जखमी झाली आणि फेरीची मोडतोड इतकी झाली की नवी बांधून ती सुरू होईपर्यंत २०२२ साल उजाडले. एका क्षणाच्या दुर्लक्षाने सहा वर्षे दोन्ही काठांची सोय गेली.

खोळंब्याची किंमत कशी असते याचाही एक दाखला याच कालव्याचा आहे. मार्च २०१३ मध्ये ब्रून्सब्युटेल येथील दोन्ही मोठी लॉक एकाच वेळी नादुरुस्त झाली आणि सुमारे आठवडाभर मोठ्या जहाजांस कालवा बंद राहिला. जहाजे निमूटपणे डेन्मार्कचा वळसा घालू लागली. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ शकते, ही गोष्ट कालव्यासही लागू आहे. ताटकळावे लागेल अशी नुसती शंका आली तरी जहाजमालक इंधनाचा हिशेब करून दुसरी वाट धरतो.

ऱ्हाइन नदीची गोष्ट थोडी निराळी. ती कालव्यासारखी स्थिर नाही. तिला ओघ आहे, वळणे आहेत आणि कडे आहेत. तीवरील वाहतुकीचे नियम ठरविणारा आयोग १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेतून जन्मास आला. १८६८ च्या मानहाइम करारावर त्याचे काम आजही चालते. तेथील एक नियम आम्हांस फार शहाणपणाचा वाटतो. प्रवाहाविरुद्ध वर जाणारी नौका ठरविते की भेट कोणत्या बाजूने व्हावयाची. डाव्या बाजूने गाठ नको असेल तर ती उजव्या अंगास निळी पाटी आणि लुकलुकणारा पांढरा दिवा दाखविते, आणि प्रवाहाबरोबर खाली येणारी नौका त्याप्रमाणे आपली बाजू बदलते. असे का? वर जाणाऱ्या नौकेस प्रवाह स्वतःच अडवून धरतो, म्हणून ती सावकाश जाते आणि चटकन थांबू शकते. वळणाच्या आतल्या बाजूचे संथ पाणी धरण्याची तिला गरजही असते. खाली येणारी प्रवाहाच्या पाठीवर बसलेली असते, म्हणून तिला आधी कळविणे भाग आहे. लोरेलाय कड्याजवळच्या अवघड वळणांवर पूर्वी माणसे निशाणे दाखवून पलीकडून कोण येत आहे हे सांगत. आता तेथे रडार आणि दिव्यांचे खांब आहेत. १३ जानेवारी २०११ रोजी त्याच भागात सल्फ्युरिक आम्ल नेणारी 'वाल्डहोफ' ही टाकीनौका उलटली, दोन माणसे गेली आणि कित्येक आठवडे वाहतूक विस्कळीत होऊन शेकडो नौका अडकून पडल्या. त्या अपघातास टक्कर कारण नव्हती. नौकेचा तोल गेला होता. परंतु एका नौकेच्या चुकीचा दंड नदीवरील सर्वांस भरावा लागतो, हे त्यावरून कळले. १ डिसेंबर २०१४ पासून ऱ्हाइनवरील व्यापारी नौकांस आपले नाव, जागा, दिशा आणि वेग आपोआप प्रसारित करणारे यंत्र बसविणे सक्तीचे झाले. आता वळणापलीकडची नौका दिसण्यापूर्वीच पडद्यावर उमटते.

आपल्याकडेही हे यंत्र नवे राहिलेले नाही. गंगेवर हल्दिया ते फरक्का या टप्प्यात नदीवरील नौकांची माहिती देणारी केंद्रे २०१६ साली सुरू झाली. जुना १९१७ चा अंतर्देशीय नौकांचा कायदा जाऊन २०२१ चा नवा कायदा आला व तो जून २०२२ पासून लागू झाला. त्यामुळे एका राज्यात नोंदलेली नौका साऱ्या देशात चालते. घाटमाथ्यावरून गोव्यात माल धाडणाऱ्यांनी ही तरतूद लक्षात ठेवावी. पण कायद्याच्या आधी डोळसपणा हवा, याची आठवण १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात फार कठोरपणे झाली. गेटवेहून घारापुरीस निघालेल्या 'नीलकमल' या उतारू बोटीवर, इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान नौका आदळली. पंधरा माणसे प्राणास मुकली. दिवस होता, समुद्र होता आणि जागाही भरपूर होती. जेथे रोज उतारूंची ये-जा चालते त्याच पाण्यात वेगाची परीक्षा झाली, एवढे मात्र कोणालाही दिसते.

मुंबई बंदरात निदान पाणी ऐसपैस आहे. गोव्याच्या नद्यांत तेही नाही, आणि येथे लांबीने जाणारी व आडवी जाणारी अशा दोन्ही वाहतुकी एकाच पात्रात चालतात. रायबंदरच्या धक्क्यावर घटकाभर उभे राहावे. चोडणहून फेरीबोट निघते, त्याच सुमारास वरून हजार-दोन हजार टन खनिज भरलेला बार्ज येत असतो. फेरीवाला बार्जाकडे पाहतो, बार्जावरचा तांडेल फेरीकडे पाहतो, एक भोंगा होतो आणि फेरी किंचित वळसा घेऊन मागच्या बाजूने निघून जाते. बहुतेक वेळा सारे सुरळीत होते, आणि त्याचे श्रेय दोघांच्या सरावास आहे. पण सराव हा त्या त्या माणसाबरोबर निवृत्त होतो. खाणी २०१२ साली थांबल्या, पुन्हा सुरू होऊन २०१८ साली पुन्हा थांबल्या, आणि २०२४ पासून लिलावाने दिलेल्या पट्ट्यांवर काम सुरू होऊ लागले. एवढ्या खंडानंतर जुने तांडेल पुन्हा सुकाणूवर येतीलच असे नाही. नव्या माणसास नियम लिहून दिला पाहिजे.

ऱ्हाइनचा नियम येथे उचलून आणावा, तर अडचण अशी की मांडवीचा ओघ दिवसातून दोनदा फिरतो. भरतीत वर जाणारा बार्ज प्रवाहाच्या पाठीवर असतो, तर ओहोटीत खाली येणारा. तेव्हा बाजू ठरविण्याचा मान दिशेवरून देता येणार नाही. तो पाण्याच्या त्या वेळच्या ओढीवरून आणि भारावरून द्यावा लागेल. प्रवाहाबरोबर येणारा भरलेला बार्ज सर्वांत लाचार. त्याला वाट मिळाली पाहिजे. रिकाम्याने आणि प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्याने थांबावे. भरतीची वेळ पंचांगाप्रमाणे आगाऊ ठाऊक असते, ही मोठी सोय आहे. म्हणजे कोणत्या तासाला कोणत्या दिशेने भरलेले बार्ज येतील याचा अंदाज आदल्या दिवशी करता येतो. कील कालव्यावरची रेघांची पद्धत या नदीत पुष्कळ सोप्या रूपात चालू शकेल.

पावसाळ्यात पेच वाढतो. नैर्ऋत्येच्या लाटांनी मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळ वाळूची दांडी चढते आणि तो तोंडवळा बार्जांस बंद होतो. जुलै २०१७ मध्ये एक कॅसिनो नौका त्या दिवसांत आत आणताना मिरामारपाशी वाळूत रुतून बसली, ते अनेकांनी पाहिले. अशा वेळी मांडवीचे बार्ज कुंभारजुवे कालव्याने जुवारीत उतरून मुरगाव गाठतात. सुमारे सतरा किलोमीटरांचा हा कालवा अरुंद आणि वळणावळणांचा आहे. येथे सायडिंगची कल्पना खरोखर उपयोगी पडेल. वळणापूर्वी थांबण्याच्या दोन-चार जागा आणि तेथे बांधण्याचे खांब एवढे केले, तरी दोन भरलेले बार्ज वळणात एकमेकांसमोर उभे ठाकणार नाहीत.

पणजीपुढचे पात्र हा आणखी एक प्रश्न. तेथे कॅसिनो नौका कायमच्या नांगरलेल्या असतात, त्यांच्याकडे ये-जा करणाऱ्या लहान बोटी असतात, संध्याकाळी सहलीच्या नौका निघतात, आणि या सर्वांमधून पणजी-बेतीची फेरी आडवी जाते. त्या नांगरलेल्या नौकांत काय चालते हा या लेखाचा विषय नव्हे. व्यापाऱ्याच्या दृष्टीने त्या पाण्याची रुंदी खातात, एवढेच आम्ही येथे नोंदवितो. नदीच्या पुलांवर आपली सारी भिस्त असली तरी ५ जुलै १९८६ रोजी मांडवीचा पूल कोसळला तेव्हा नदीपार जाण्यास फेरीबोटच धावून आली होती. आज तीन पूल उभे आहेत म्हणून तो मार्ग निष्काळजीपणे अरुंद होऊ देणे बरे नव्हे.

जुलै २०२५ पासून रायबंदर-चोडण या मार्गावर मोठ्या रो-रो नौका सुरू झाल्या आहेत. एका खेपेस अधिक वाहने जात असल्याने एकंदर खेपा कमी लागतात, आणि खेपा कमी म्हणजे बार्जाची वाट छेदण्याचे प्रसंगही कमी. ही सुधारणा आम्हांस सर्वांत स्वागतार्ह वाटते. मात्र नौका जितकी मोठी तितकी तिला वळण्यास जागा अधिक लागते. म्हणून ती काठ सोडण्यापूर्वीच वरच्या व खालच्या वळणापलीकडे कोण आहे हे तिच्या सुकाणूवाल्यास कळले पाहिजे. आपली जागा सांगणारे यंत्र फेरीबोटींवर आणि प्रत्येक बार्जावर बसविल्यास ते कळेल. खर्च बार्जाच्या एका फेरीच्या भाड्यापुढे भारी वाटू नये.

राहता राहिली आपली स्वतःची बाब. तांडेलास घाई करावयास लावणारे बहुधा किनाऱ्यावर असतात. जहाज मुरगावात उभे आहे, भाडे चढत आहे, विलंबाचा आकार पडेल, असा निरोप जेटीवर येतो आणि बार्ज रात्री, ओहोटीच्या भर ओघात सुटतो. माल भरण्याचा करार करतानाच भरतीच्या वेळा धरून आणि कुंभारजुव्यात थांबण्याचे तास मोजून दिवस ठरविले, तर असा निरोप धाडण्याची वेळ येत नाही. त्यासाठी रायबंदर, चोडण, जुने गोवे आणि दिवाडी येथील धक्क्यांवर महिन्याचे भरती-ओहोटीचे कोष्टक मराठीत व कोंकणीत ठळक अक्षरांत लावावे, आणि त्याची एक प्रत प्रत्येक पेढीच्या भिंतीवर दिनदर्शिकेशेजारी असावी.